जुने अ‍ॅनिमेशनपट पुन्हा पडद्यावर: पुनर्प्रदर्शन आणि घरचे वेळापत्रक यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना अ‍ॅनिमेशनपट चित्रपटगृहात परत आला की दोन प्रकारचे प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला प्रकार त्या चित्रपटाविषयीचा असतो: तो परत का आला, नवा काय झाला, मूळचाच आहे का. दुसरा प्रकार आपल्या वेळेविषयीचा असतो: पाहायचे इतके आहे, तर ते कधी आणि कोणत्या क्रमाने पाहावे. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

पुनर्प्रदर्शन आणि नवी आवृत्ती यांत फरक काय?

पूर्वी प्रदर्शित झालेला तोच चित्रपट काही वर्षांनी पुन्हा तिकीट लावून चित्रपटगृहांत दाखवणे म्हणजे पुनर्प्रदर्शन. तीच कथा घेऊन नव्याने केलेला चित्रपट ही वेगळी कृती असते. हा फरक सांगण्याचे कारण असे की नावे तीच राहतात आणि तिकीट काढताना गफलत होते. ‘द लायन किंग’ या नावाचा हाताने रेखाटलेला चित्रपट १९९४ चा आहे, तर त्याच नावाचा संगणकनिर्मित चित्रपट २०१९ चा. ‘स्नो व्हाइट’चेही तसेच: मूळ अ‍ॅनिमेशनपट १९३७ चा आणि नट-नट्यांना घेऊन केलेला चित्रपट २०२५ चा. मोगलीच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. रविवारी सकाळी दूरदर्शनवर पाहिलेला जो मोगली आपल्या पिढीला आठवतो, तो १९८९ मध्ये जपानमध्ये तयार झालेल्या मालिकेतला. १९६७ चा ‘द जंगल बुक’ हा डिस्नेचा चित्रपट निराळा. दोन्हींचे मूळ मात्र १८६५ साली मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या कथांत आहे.

ही पद्धत सुरू कशी झाली?

‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’चा पहिला खेळ २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरमध्ये झाला आणि १९३८ च्या फेब्रुवारीपासून तो सर्वत्र लागला. त्याने मिळवून दिलेल्या पैशावर वॉल्ट डिस्ने यांनी बरबँकला नवा स्टुडिओ उभारला. त्यानंतर १९४० मध्ये ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेशिया’ हे दोन अतिशय खर्चिक चित्रपट आले. परंतु तोवर युरोपात महायुद्ध पेटले होते, तिथली बाजारपेठ बंद झाली होती आणि दोन्ही चित्रपटांचा खर्च निघाला नाही. युद्धकाळात स्टुडिओचे हात सरकारी प्रचारपटांत आणि प्रशिक्षणपटांत गुंतले असताना पैशाची चणचण भागवण्यासाठी १९४४ मध्ये ‘स्नो व्हाइट’ पुन्हा चित्रपटगृहांत लावण्यात आला. तो चालला, आणि तिथून ही वहिवाट पडली.

यामागचा हिशेब साधा होता. चित्रपट तयार करण्याचा खर्च एकदाच होऊन गेलेला असतो. पुन्हा लावताना फक्त नव्या प्रती आणि जाहिरात यांचाच भार पडतो. परीकथेतली राजकन्या आणि जंगलातले हरीण यांची फॅशन जुनी होत नाही, त्यामुळे नट-नट्यांच्या चित्रपटांना जशी काळाची धूळ लागते तशी यांना लागत नाही. आणि दर सहा-सात वर्षांनी ज्यांनी तो चित्रपट कधीच पाहिलेला नाही अशा मुलांची एक नवी फळी तयार झालेली असते.

‘सात वर्षांचे चक्र’ खरोखर सात वर्षांचे होते का?

काटेकोरपणे नव्हते. ‘स्नो व्हाइट’ अमेरिकेत १९४४, १९५२, १९५८, १९६७, १९७५, १९८३, १९८७ आणि १९९३ या वर्षांत पुन्हा लागला. १९३८ पासून मोजल्यास मधली अंतरे सहा, आठ, सहा, नऊ, आठ, आठ, चार आणि पुन्हा सहा वर्षांची भरतात. सरासरी मात्र सातच्या अगदी जवळ येते, हे पाहून मला स्वतःला समाधान वाटले.

या चक्राचा प्रेक्षकाच्या दृष्टीने अर्थ असा होता की एका बालपणात एक चित्रपट बहुधा एकदाच वाट्याला येई. सहाव्या वर्षी पाहिलेला ‘बॅम्बी’ पुन्हा दिसेपर्यंत मूल तेरा-चौदा वर्षांचे झालेले असे, आणि त्यानंतरच्या खेपेला ते कदाचित स्वतःच्या धाकट्या भावंडाला घेऊन जाई. चित्रपट तोच राहत होता आणि पाहणारा बदलत होता. या गोष्टीकडे पुढे वेळापत्रकाच्या प्रश्नात परत यायचे आहे.

पहिल्या खेपेला पडलेले चित्रपट पुनर्प्रदर्शनामुळे तरले, हे खरे आहे का?

होय, आणि हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ‘बॅम्बी’ १९४२ मध्ये तोट्यात गेला. १९४७ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा ती तूट भरून निघाली. ‘पिनोकिओ’लाही १९४५ च्या खेपेने हात दिला. १९५९ चा ‘स्लीपिंग ब्यूटी’ हा ७० मिमीच्या रुंद पडद्यासाठी केलेला चित्रपट. आयविंड अर्ल यांनी त्याची पार्श्वभूमी मध्ययुगात विणून भिंतीवर टांगत त्या चित्रमय पटांसारखी, पानन् पान वेगळे काढून रंगवली होती. त्याचा खर्च पहिल्या खेपेत वसूल झाला नाही. आज तोच चित्रपट स्टुडिओच्या मानाच्या ठेव्यांत गणला जातो.

सर्वांत लांबचा प्रवास ‘फँटेशिया’चा. लिओपोल्ड स्टोकोव्हस्की यांच्या संचालनाखाली वाजवलेल्या पाश्चात्त्य अभिजात संगीतावर चित्रे बेतलेला हा सुमारे दोन तासांचा चित्रपट १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. त्यासाठी ‘फँटासाउंड’ नावाची बहुध्वनी यंत्रणा बसवावी लागे, आणि ती मोजक्याच चित्रपटगृहांत बसवता आली. १९४२ मध्ये वितरकांनी चित्रपट कापून ८१ मिनिटांवर आणला. १९४६, १९५६, १९६३ अशा खेपा होत राहिल्या. शेवटी १९६९ मध्ये त्या काळच्या तरुण पिढीला रुचतील अशी भडक, झिंग आणणारी भित्तिपत्रके लावून तो पुन्हा आणला, तेव्हा महाविद्यालयीन मुलांनी गर्दी केली आणि २९ वर्षांनी चित्रपट फायद्यात आला. पहिल्याच शुक्रवारच्या गल्ल्यावर चित्रपटाची पत ठरवण्याची आजची सवय तेव्हा असती, तर ‘फँटेशिया’ कायमचा बासनात गेला असता, असे मला मनापासून वाटते.

घरात व्हिडिओ आल्यावर ही प्रथा बंद का पडली नाही?

मंदावली, पण बंद पडली नाही. १९८४ पासून डिस्नेने आपले अभिजात चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर आणायला सुरुवात केली, आणि चित्रपटगृहांतले चक्र घरात आणले: कॅसेट काही काळ विकायची, मग बाजारातून काढून घ्यायची आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा आणायची. यालाच लोक ‘तिजोरी’ म्हणत. स्ट्रीमिंग आल्यावर ही तिजोरी उघडीच पडली.

चित्रपटगृहांत परत बोलावण्यासाठी मग पडद्याचेच काहीतरी वेगळेपण दाखवावे लागले. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ आणि ‘द लायन किंग’ २००२ मध्ये आयमॅक्सवर आले. २०११ च्या सप्टेंबरमध्ये ‘द लायन किंग’ त्रिमितीत लागला आणि अमेरिकेत सलग दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. ते पाहून पुढच्या वर्षभरात ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, ‘फाइंडिंग नीमो’ आणि ‘मॉन्स्टर्स, इन्क.’ त्रिमितीत आणले. त्यांना तसा प्रतिसाद न मिळाल्याने २०१३ साठी जाहीर केलेला ‘द लिटल मर्मेड’ रद्द करावा लागला. अलीकडे भर त्रिमितीपेक्षा वर्धापनवर्षांवर आणि ४के प्रतींवर आहे, आणि तो बदल चांगला आहे असे माझे मत आहे.

जुनी प्रत ‘नवी’ होते म्हणजे नेमके काय करतात?

यासाठी रंगीत अ‍ॅनिमेशनपट कसे चित्रित होत ते थोडे समजून घ्यावे लागते. १९३०-४० च्या दशकांत काचेसारख्या पारदर्शक पत्र्यावर, म्हणजे सेलवर, रंगवलेली आकृती पार्श्वभूमीवर ठेवून तिचे एकाच कृष्णधवल फिल्मवर एकापाठोपाठ तीन फोटो घेत: एक लाल, एक हिरव्या आणि एक निळ्या गाळणीतून. या तीन नोंदी छापताना एकत्र आल्या की रंगीत चित्र तयार होई. ‘स्नो व्हाइट’ची लांबी ८३ मिनिटे; सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर पडद्यावर सुमारे १,१९,५०० चौकटी होतात आणि निगेटिव्हवर त्याच्या तिप्पट. कृष्णधवल नोंद असल्यामुळे रंग उडण्याचा धोका टळला, ही मोठीच कृपा. परंतु फिल्म आकसली, तीन नोंदी एकमेकींवर नेमक्या बसल्या नाहीत, की पात्राच्या कडेला लाल-हिरवी झालर दिसू लागते.

शिवाय सेलवर बसलेली धूळही चित्रात उतरलेली असते. नट-नट्यांच्या चित्रपटात धुळीचा कण क्षणभर चमकून जातो. इथे एकच चित्र दोन-दोन चौकटी धरलेले असते, म्हणून ती धूळ डोळ्यांत भरते. १९९३ च्या पुनर्प्रदर्शनासाठी ‘स्नो व्हाइट’ची प्रत्येक चौकट कोडॅकच्या सिनिऑन यंत्रणेवर संगणकात घेतली, ओरखडे आणि धूळ काढली, आणि सगळा चित्रपट पुन्हा फिल्मवर उतरवला. संपूर्ण चित्रपटावर असे काम होण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या काळची फिल्म नायट्रेटची असे, आणि नायट्रेट भयंकर ज्वालाग्राही. पुणेकरांना हे वेगळे सांगायला नको: ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिती ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि आपल्या जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा गेला. पडद्यावर परत येणारा प्रत्येक जुना चित्रपट कोणीतरी फिल्मचे डबे नीट जपून ठेवले म्हणूनच येतो, हे त्या आगीने आपल्याला फार किंमत घेऊन शिकवले.

या दुरुस्तीत मूळ चित्र बदलते का?

कधी कधी बदलते, आणि तिथे प्रेक्षकाने सावध राहावे. संगणकाला फिल्मचा दाणा, म्हणजे तिच्यावरचे बारीक ठिपके, आणि पेन्सिलीची रेघ यांतला फरक आपोआप कळत नाही. १९६३ च्या ‘द सोर्ड इन द स्टोन’च्या २०१३ मधील ब्लू-रे आवृत्तीत दाणा पुसण्याच्या नादात रेघाही पुसट झाल्या आणि त्यावर रसिकांनी रास्त टीका केली. याच काळातल्या चित्रपटांत रेघ म्हणजे जीव आहे. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’पासून स्टुडिओने चित्रकाराची पेन्सिलरेषा हाताने शाईत गिरवण्याऐवजी झेरॉक्सच्या तंत्राने थेट सेलवर उतरवायला सुरुवात केली. मोठ्या पडद्यावर त्यातली खलनायिका क्रुएला हिची हाडकुळी मनगटे पाहा: एका रेघेच्या शेजारी दुसरी, अर्धवट सोडून दिलेली रेघ दिसते, आणि चित्रकाराचा हात कुठे थबकला असेल तेही जणू कळते. स्वच्छतेच्या नावाखाली ती गेली तर चित्रपटातून माणूसच गेल्यासारखे होते.

बदलाचे इतरही प्रकार आहेत. चौरसाकडे झुकणाऱ्या जुन्या चौकटीची प्रत रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापून दाखवली जाई. ‘फँटेशिया’तील वांशिक टवाळी करणारी काही चित्रे १९६९ मध्ये काढून टाकली गेली, आणि ते योग्यच झाले. १९८२ मध्ये त्याच चित्रपटाचे संगीत अर्विन कॉस्टल यांच्या संचालनाखाली नव्याने ध्वनिमुद्रित केले होते. १९९० मध्ये, पन्नासाव्या वर्षी, स्टोकोव्हस्की यांचे मूळ संगीत परत आले. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’च्या २००२ च्या आवृत्तीत पूर्वी गाळलेले एक गाणे घातले आहे. म्हणून कोणत्या वर्षाची आवृत्ती पाहत आहोत याची नोंद ठेवणे हा काटेकोरपणाचा अतिरेक नाही.

भारतात अ‍ॅनिमेशनपटाचे असे पुनर्प्रदर्शन झाले आहे का?

झाले आहे, आणि त्याचे उदाहरण अभिमानाने सांगावे असे आहे. ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ हा जपान आणि भारत यांनी मिळून केलेला चित्रपट. युगो साको यांनी त्याचा ध्यास घेतला आणि त्यांच्याबरोबर राम मोहन व कोइची सासाकी यांनी दिग्दर्शन केले. संगीत वनराज भाटिया यांचे. १९९३ च्या जानेवारीत भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, पण सर्वसामान्य प्रेक्षकापर्यंत तो प्रामुख्याने दूरचित्रवाणीमुळे पोहोचला. घराच्या छोट्या पडद्यावर पाहूनच एका पिढीने त्याच्यावर जीव लावला. २४ जानेवारी २०२५ रोजी तो ४के प्रतीसह हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत देशभर चित्रपटगृहांत लागला. सेतू बांधणारी वानरसेना आणि लंकेचे विस्तीर्ण देखावे १३५ मिनिटे मोठ्या पडद्यावर पाहताना, हा चित्रपट मुळात कोणत्या मापासाठी काढला होता ते अनेकांना प्रथमच कळले.

राम मोहन यांचा धागा मागे नेला तर तो मुंबईत येऊन थांबतो. १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवण्यासाठी क्लेअर वीक्स हे डिस्ने स्टुडिओत काम केलेले चित्रकार आले होते. त्यांच्या हाताखाली १९५७ मध्ये ‘द बन्यन डिअर’ हा जातककथेवरचा लघुपट झाला, आणि तिथेच राम मोहन यांची सुरुवात झाली. त्याच्याही मागे जायचे तर दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्या नाचवल्या होत्या. पुनर्प्रदर्शनाची चर्चा करताना आपल्याला सारखे परदेशाकडेच बोट दाखवावे लागते असे नाही, एवढ्यासाठी हे सांगितले.

जपानी चित्रपटांचे काय?

२०२० च्या उन्हाळ्यात साथीमुळे नवे चित्रपट थांबले तेव्हा जपानमधल्या चित्रपटगृहांनी स्टुडिओ घिबलीचे ‘नाउसिका’, ‘प्रिन्सेस मोनोनोके’, ‘स्पिरिटेड अवे’ आणि ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ पुन्हा लावले, आणि लोक आले. ‘स्पिरिटेड अवे’च्या एकूण उत्पन्नात त्यामुळे भर पडून ते ३१.६८ अब्ज येन झाले. चीनमध्ये तर ‘माय नेबर टोटोरो’ चित्रपटगृहांत अधिकृतपणे लागला तोच २०१८ मध्ये, मूळ प्रदर्शनानंतर ३० वर्षांनी.

‘टोटोरो’विषयी एक गोष्ट. पावसात बसथांब्यावर वडिलांची वाट पाहणारी लहान मुलगी सात्सुकी आपल्याजवळची जास्तीची छत्री टोटोरोला देते. झाडावरून एक थेंब छत्रीवर पडतो, ‘टप्’ असा आवाज होतो, आणि त्या भल्यामोठ्या प्राण्याच्या डोळ्यांत नवल उमटते. मग थांबणे, मग दुसरा थेंब. घरी हा प्रसंग मी अनेकदा पाहिला होता. पंखा, रस्ता, स्वयंपाकघर यांच्या आवाजात दोन थेंबांमधली शांतता कधी ऐकूच आली नव्हती. मोठ्या पडद्यासमोर सगळे जण गप्प बसलेले असतानाच ती ऐकू येते.

घरी सगळे उपलब्ध असताना वेळापत्रक हवेच कशाला?

सगळे उपलब्ध आहे म्हणूनच हवे. पूर्वी चित्रपट येण्याची तारीख वितरक ठरवत असे आणि आपण तिची वाट पाहत असू. वाट पाहिल्यामुळे त्या दिवसाला किंमत येई. आता तारीख ठरवणारा कोणी उरला नाही. परिणामी आपण अर्धा तास यादी चाळतो, वीस मिनिटे काहीतरी पाहतो आणि झोपतो. वितरकाचे ते काम आता आपणच करायचे: एक चित्रपट निवडायचा, त्याला तारीख द्यायची, आणि त्या तारखेपर्यंत तो पाहायचा नाही. माझ्या अनुभवात यातला तिसरा भाग सर्वांत उपयोगी ठरला.

मग वेळापत्रक प्रत्यक्ष आखावे कसे?

आमच्या घरी एक आडवी वही आहे. प्रत्येक पानावर चार रकाने आहेत: तारीख, चित्रपटाचे नाव व वर्ष, मिनिटे, आणि शेवटचा रुंद रकाना पाहून झाल्यावर ज्याने त्याने एक ओळ लिहिण्यासाठी. मोबाइलवरची यादी सोयीची असते, पण घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या माणसाला वही उघडता येते.

सुरुवात चित्रपटांपासून करू नये, मोकळ्या दिवसांपासून करावी. एक आड एक शनिवार धरला तर वर्षाला २६ संध्याकाळी मिळतात. त्यातून वार्षिक परीक्षा, गणपती, दिवाळी आणि लग्नसराई यांसाठी सहा वजा केल्या की २० उरतात. या २० पैकी चार मुद्दाम कोऱ्या ठेवाव्यात, कारण पुनर्प्रदर्शनाची तारीख अनेकदा थोडेच दिवस आधी जाहीर होते आणि चित्रपट आठवडाभरात उतरतोही. वेळापत्रक काठोकाठ भरलेले असेल तर नेमका मोठ्या पडद्यावरचा चित्रपट हुकतो. राहिले १६, वर्षाला १६ चित्रपट नीट पाहिले तर पाच वर्षांत ८० होतात, आणि अ‍ॅनिमेशनपटांतले जे खरोखर अभिजात आहे त्याचा मोठा भाग त्यात मावतो.

त्यानंतर मिनिटे पाहावीत. ‘डंबो’ ६४ मिनिटांचा, ‘द जंगल बुक’ ७८, ‘स्नो व्हाइट’ ८३, ‘टोटोरो’ ८६, ‘द लायन किंग’ ८८ मिनिटांचा आहे. हे सगळे संध्याकाळी सातला सुरू केले तर साडेआठच्या आत संपतात आणि मग जेवायला बसता येते. ‘स्पिरिटेड अवे’ आणि ‘रामायण’ दोन तासांच्या पुढे जातात. ते मे महिन्याच्या सुटीत दुपारी ठेवावेत. ‘टोटोरो’साठी आम्ही जुलै राखून ठेवतो, कारण बाहेर पाऊस असला की तो वेगळाच लागतो.

एका संध्याकाळी एकच चित्रपट, हा नियम मोडू नये. १९८८ च्या एप्रिलमध्ये जपानात ‘टोटोरो’ आणि ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ एकाच तिकिटात जोडून दाखवले होते. दुसरा चित्रपट युद्धात अनाथ झालेल्या भावंडांचा आहे. तो पाहिल्यावर घरात काही वेळ कोणी बोलत नाही. ती शांतता त्याला मिळायला हवी.

क्रम कालानुक्रमे ठेवावा का?

सर्वच १६ चित्रपट कालानुक्रमे लावले तर ते अभ्यासक्रमासारखे होते आणि मुले कंटाळतात. त्याऐवजी वर्षातून एकदा चार चित्रपटांची एक माळ गुंफावी आणि बाकीचे मोकळे ठेवावेत. माझी आवडती माळ अशी आहे: ‘स्नो व्हाइट’, ‘बॅम्बी’, ‘स्लीपिंग ब्यूटी’, ‘डाल्मेशियन्स’. पहिल्यात जलरंगातली मऊ पार्श्वभूमी आहे. दुसऱ्यात चित्रकार टायरस वाँग यांच्या प्रभावाने, चिनी निसर्गचित्रांच्या वळणावर, अरण्य धूसर होत जाते आणि फक्त हरीण ठळक राहते. तिसऱ्यात प्रत्येक फांदी कातरून काढलेली, आणि चौथ्यात लंडन शहर रेघांनी भराभर मांडलेले. चौथ्या शनिवारी दहा वर्षांचे मूलही आपण होऊन विचारते की इथे रंग रेघेच्या बाहेर का गेला आहे.

लहान मुलांना कोणत्या वयात काय दाखवावे?

जुने म्हणजे सौम्य, हा समज सोडून द्यावा. ‘स्नो व्हाइट’मधली रानातली धावपळ, ‘पिनोकिओ’त मुलाचे गाढव होणे आणि ‘बॅम्बी’त बंदुकीच्या आवाजानंतरचा बर्फ, हे प्रसंग पाच वर्षांच्या मुलाला घाबरवू शकतात. मोठ्यांपैकी एकाने चित्रपट आधी पाहून ठेवावा आणि तो प्रसंग येण्यापूर्वी मुलाला जवळ घेऊन बसावे. पुढे ढकलू नये, कारण ढकललेले दृश्य मुलाच्या मनात अधिक मोठे होते. २०२४ पासून आपल्याकडे प्रमाणपत्रांत यूए ७+, १३+ आणि १६+ अशी विभागणी झाली आहे, तिचा उपयोग करावा. काही जुन्या चित्रपटांत वंशावरून केलेली टवाळी आहे; ती आली तर तिथेच थांबून हे चुकीचे का आहे ते दोन वाक्यांत सांगावे.

मूळ भाषेत पाहावे की डब केलेले?

घरात जो वाचू शकत नाही त्याच्या सोयीने ठरवावे, मग तो सहा वर्षांचा असो वा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आजोबा. हिंदी डबिंग उपलब्ध असेल तर पहिल्यांदा ते आणि दुसऱ्यांदा मूळ भाषा, असे आम्ही करतो. मराठी डबिंग फार कमी चित्रपटांना मिळते याचे वाईट वाटते. आमच्या घरी सबटायटल्स मोठ्याने वाचून मराठीत सांगण्याचे काम आजी करते, आणि मुलांना आता तिच्याशिवाय चित्रपट पुरा वाटत नाही.

चित्रपटगृहाचे तिकीट काढण्यापूर्वी काय तपासावे?

वर्ष, भाषा, आणि द्विमिती की त्रिमिती, या तीन गोष्टी तपासाव्यात. चौथी गोष्ट मध्यंतराची. या चित्रपटांत मुळात मध्यंतर नसते, पण आपल्याकडे ते घातले जाते. एका मल्टिप्लेक्समध्ये दीड तासाहून छोट्या चित्रपटाचे गाणे ऐन मध्यात तोडून दिवे लावले गेले होते, आणि शेजारची लहान मुलगी ‘संपला?’ असे विचारत रडू लागली. तेव्हापासून मी मुलांना आधीच सांगून ठेवतो की दिवे लागतील, पण चित्रपट संपलेला नसेल. शक्य असल्यास सकाळचा खेळ घ्यावा.

परदेशातील मराठी कुटुंबांना काही वेगळे लक्षात ठेवावे लागते का?

अमेरिकेत घिबलीचे चित्रपट दरवर्षी ठरावीक तारखांना चित्रपटगृहांत येतात आणि वर्षाची यादी आधी जाहीर होते. त्यामुळे तिथल्यांना कोऱ्या जागा ठेवण्याऐवजी तारखाच वहीत लिहिता येतात. इंग्रजी डबिंगचे आणि जपानी आवाजाचे खेळ वेगवेगळ्या दिवशी असतात, एवढे मात्र पाहून घ्यावे.

ठरलेला शनिवार चुकला तर काय करावे?

पुढच्या शनिवारी दोन चित्रपट कोंबू नयेत. चुकलेला चित्रपट यादीच्या शेवटी न्यावा, आणि खोडलेली तारीख वहीत दिसू द्यावी. आमच्या वहीत ‘फँटेशिया’ तीन वेळा पुढे गेला आहे: एकदा पाहुणे आले, एकदा वीज गेली, एकदा धाकटीला ताप आला. तिन्ही तारखांवर निळ्या पेनाची रेघ आहे, आणि खाली तिच्याच अक्षरात दिवाळीनंतरचा पहिला शनिवार लिहिलेला आहे.